गुंतवणुकीची पुस्तकं वाचून झाली, आता पुढे काय वाचू?

तुमचा प्रश्न असा आहे: जळगावात नोकरी करता, रोज तासभर वाचायला मिळतो, गुंतवणुकीवरची बरीच पुस्तकं वाचलीत, तरी एखाद्या कंपनीबद्दल स्वतःचं मत बनत नाही.

पुस्तकं काही महिने बाजूला ठेवा आणि एकच धंदा धरा, ज्याचा माल तुमच्या डोळ्यांसमोरून जातो असा. खानदेशात त्यासाठी कापूस सगळ्यात चांगला. जिनिंगवाल्याला विचारलंत तर तो सांगेल, क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई (बी काढलेला कापूस) निघते, बाकी सरकी म्हणजे बी आणि थोडी घट. रुईची गाठ 170 किलोची, म्हणजे एका गाठीला 5 क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. रुईचा भाव मात्र खंडीवर बोलतात आणि खंडी सुमारे 356 किलोची. एवढे आकडे पाठ असले की सूतगिरणीने कच्च्या मालावर दाखवलेला खर्च बाजारभावाशी ताडून पाहता येतो.

मग शेअर बाजारात नोंदलेली एक सूतगिरणी निवडा. तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुन्या वर्षापासून सुरुवात करा. अध्यक्षांचं निवेदन शेवटी वाचा. ते आधी वाचलं की पुढचे सगळे आकडे त्यांच्याच चष्म्यातून दिसतात. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, मग रोकड प्रवाह, मग हिशेबाच्या टिपांमधली येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे उधारीचे पैसे), संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्या घरच्या माणसांशी किंवा त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांशी, झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी. अडीचशे पानांतली पन्नास-साठ नीट वाचली तरी पुरे.

येणी तर दरवर्षी मोजाच. येणी भागिले विक्री, गुणिले 365. समजा विक्री 1200 कोटी आणि येणी 400 कोटी, तर उधारी सुमारे 122 दिवसांची झाली. पुढच्या वर्षी विक्री 1400 आणि येणी 600 झाली, तर तोच आकडा 156 दिवसांवर गेला. नफा वाढलेला दिसेल, पण पैसा गिऱ्हाइकाकडे अडकलाय. 2021-22 पासूनच्या अहवालांत कोणती उधारी किती जुनी आहे, याचा तक्ताही असतो. त्यात तीन वर्षांवरचा रकाना फुगत चालला असेल, तर तो पैसा येईल असं मी तरी धरणार नाही.

कापसाच्या धंद्यात नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. खरेदी ऑक्टोबर ते मार्च या हंगामात होते, त्यामुळे 31 मार्चच्या ताळेबंदात गोदाम भरलेलं आणि खेळत्या भांडवलाचं (रोजचा धंदा चालवायला घेतलेलं) कर्ज चढलेलं दिसतं. तेवढ्यावरून कंपनी कर्जात बुडाली असं ठरवू नका. सप्टेंबरच्या निकालासोबतही ताळेबंद येतो, तो शेजारी ठेवा. तेव्हाही साठा आणि कर्ज तेवढंच असेल, तर मात्र माल उठत नाहीये.

क्रिसिल, इक्रा, केअर यांचे पतमानांकनाचे अहवालही फुकट असतात, चार-सहा पानांचे. कर्ज देणाऱ्याच्या नजरेने लिहिलेले असल्यामुळे अडचण कुठे आहे ते सरळ सांगतात. मला ते फार मोलाचे वाटतात.

वहीत पानाच्या डाव्या बाजूला कंपनीने काय करू म्हटलं ते लिहा, उजवी बाजू पुढच्या वर्षीच्या अहवालासाठी कोरी सोडा. नवा कारखाना कधी सुरू होणार होता आणि कधी झाला, हे असंच कळतं. टिपण न करता वाचलेलं महिनाभरात विसरतं, तुमची अडचण बहुधा हीच आहे.

वर्षभर कापूस झाला की ठिबक सिंचनाचा धंदा वाचायला घ्या. जळगावच्याच जैन इरिगेशनचे 2018-19 ते 2022-23 चे अहवाल ओळीने वाचा. थकलेली येणी, वाढलेलं कर्ज, कर्जाची पुनर्रचना आणि 2023 मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या परदेशी सिंचन कंपनीत विलीन करणं, सगळं क्रमाने समोर येतं. तिथेही पहिल्यांदा येण्यांचीच टीप उघडा.