वाचकांचे प्रश्न : बॅरलमधलं पाणी, चटणीचे शेंगदाणे आणि डाळिंबावरचा तेल्या

प्रश्न : आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं. दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये भरून ठेवतो. तिसऱ्या दिवसापासून आतून हात लावला की बुळबुळीत लागतं आणि कधी कधी अळ्याही दिसतात. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली तर भागेल का?
*– एक गृहिणी, जुळे सोलापूर*

एकट्या टीसीएलने भागणार नाही. आधी त्या बुळबुळीकडे बघायला हवं. तो जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर असतो. नळातून येणारं क्लोरीन साठवणीत दिवसागणिक उडून जातं आणि जे उरतं ते थराच्या वरच्या पापुद्र्यावरच खर्ची पडतं, आतले जिवाणू शाबूत राहतात. म्हणून वरून वरून पाणी ओतून काढलेलं बॅरल पुन्हा भरलं की दोन दिवसांत तीच गत होते.

पाणी यायच्या दिवशी बॅरल पूर्ण रिकामं करा. प्लास्टिकच्या कडक ब्रशने तळ, कडा आणि विशेषतः पाण्याची रेघ उमटते तो पट्टा खसाखसा घासा. डेंगीचा एडिस डास अंडी त्या रेघेच्या जरा वर चिकटवतो. ती कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. पाणी नुसतं ओतून दिलं तर अळ्या जातात, अंडी मागेच राहतात. घासून झाल्यावर 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम टीसीएल कालवून ते पाणी आतून सगळीकडे फिरवा, अर्धा तास ठेवा, मग धुऊन टाका. पावडर हाताळताना नाक बांधा, खिडकी उघडी ठेवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि टीसीएल कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पिण्याच्या पाण्याचं प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे तुमच्या बॅरलला 1 ग्रॅम. एवढं वजन घरच्या काट्यावर नीट येत नाही. त्यापेक्षा 5 ग्रॅम पावडर 1 लिटर पाण्यात ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरची नितळ निवळी 200 मिली मोजून बॅरलमध्ये घाला. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. घाईत लगेच तांब्या भरला तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा आणि वरचं पाणी चार पदरी कापडाने गाळा, कारण क्लोरीन गाळातच संपून जातं. पावडर उघडी राहिली तर तिची ताकद झपाट्याने उतरते, आपल्या उन्हाळ्यात तर फारच. पुडी हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. पावडर चालते की नाही हे ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकून कळतं : फिकट पिवळा रंग आला तर ठीक, रंगच आला नाही तर क्लोरीन उरलेलं नाही. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्या, त्यातलं रसायन पोटात जाता कामा नये.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. पिण्याच्या प्रमाणातल्या टीसीएलने अळ्या मरत नाहीत. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस (सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा) पाळायला सांगतात. बॅरलच्या तोंडाला कापड घट्ट बांधा. पाणी हात बुडवून न काढता दांड्याच्या ओगराळ्याने किंवा खालच्या तोटीने घ्या.

डासांविरुद्ध जिवाणूच कामाला लावण्याचं संशोधनही चालू आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू डेंगी पसरवणाऱ्या मुख्य एडिस इजिप्ताय डासात निसर्गतः नसतो. तो डासात सोडला की डेंगीचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंगीचं प्रमाण 77 टक्क्यांनी कमी आढळलं, ते निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या डास-नियंत्रण संशोधन केंद्राने भारतीय एडिसवरही अशी जात तयार केली आहे. ती आपल्या गल्लीपर्यंत पोचेपर्यंत ब्रश हातात हवाच.

प्रश्न : शेंगाचटणीसाठी वर्षाचे शेंगदाणे भरतो. काही दाण्यांवर हिरवट बुरशी दिसली. ते निवडून बाकीचे खरपूस भाजले तर चालतील ना? निवडलेले म्हशीला घालतो.
*– एक वाचक, अक्कलकोट*

शेवटचं वाक्य आधी घेऊ : म्हशीला अजिबात घालू नका. ही हिरवट-पिवळी बुरशी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस असते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचा अंश दुधात उतरतो. जे आपण खायचं टाळलं तेच दुधाच्या पातेल्यातून लेकरांच्या पोटात जातं. बुरशी आलेल्या पेंडीलाही हेच लागू. असे दाणे खोल पुरा.

भाजण्यावर भरवसा ठेवू नका. बुरशी मरते, विष मरत नाही. तव्यावर ते थोडं कमी होतं, पण जात नाही. त्याला रंग, वास, चव काही नसतं. हे विष यकृतावर घाला घालतं. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती.

निवडण्याचा उपयोग मात्र खरोखर होतो, कारण विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत ठासून भरलेलं असतं. ताटात पातळ पसरून उजेडात बघा. सुरकुतलेले, काळपट, साल निघाल्यावर आतून पिवळट डाग दिसणारे, भुंग्याने पोखरलेले दाणे काढा. खाताना एखादा दाणा कडवट लागला तर गिळू नका. पोत्यालाच कुबट वास येत असेल तर निवडत बसू नका, पोतं टाकून द्या.

बुरशी मुळात शेतातच शिरते. शेंगा भरताना ताण पडला आणि जमीन तापली की तिला रान मोकळं मिळतं. खुरप्याने फुटलेली शेंग तिचा दरवाजा. काढणीनंतर दाण्यात ओलावा 7 टक्क्यांच्या खाली हवा. शेंग हलवली की दाणा आत खुळखुळ वाजतो, ही घरगुती खूण. वर्षाचं भरायचं तर दाणे नको, टरफलासकट शेंगा भरा. पोतं फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आफ्रिकेत आणि अमेरिकेत पिकातच विष न करणारी याच बुरशीची जात सोडतात, ती विषारी जातीची जागा बळकावते. काट्याने काटा काढायचाच हा प्रकार.

प्रश्न : डाळिंबावर तेल्या आला की दुकानदार स्ट्रेप्टोची पुडी देतो. सुरुवातीला गुण यायचा, आता येत नाही. मात्रा वाढवू का?
*– डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका*

मात्रा वाढवू नका, स्ट्रेप्टो, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूनाशक औषध, थांबवा. तेल्या हा झॅन्थोमोनास जिवाणूचा रोग. फवारणीत कच्चे जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि पुढच्या पावसात बागभर तेच पसरतात. जास्त मात्रेने हीच निवड आणखी जोरात होते. शिवाय प्रतिकाराची जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात, मातीतून माणसाच्या जिवाणूंपर्यंतही. स्ट्रेप्टोमायसिन हे 1943 मध्ये सापडलेलं, क्षयावर गुण देणारं पहिलं औषध. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे. हे औषध बागेत उधळायचं नाही.

खरं काम विश्रांतीच्या काळात असतं. रोगट फांद्या डागाच्या दोन इंच खालून छाटा आणि पडलेला पालापाचोळा, फळं गोळा करून जाळा. कात्री प्रत्येक झाडानंतर 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, नाहीतर तुमच्याच हाताने रोग पुढे जातो. छाटणीनंतर मोरचूद आणि चुन्याचं 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा. प्लास्टिकच्या एका ड्रममध्ये 50 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद, दुसऱ्यात 50 लिटर पाण्यात 1 किलो कळीचा चुना विरवून गाळून घ्या. मोरचूद चुन्यात ओता, उलट नको. मग त्यात स्वच्छ खुरपं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं करपतील. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला आणि द्रावण त्याच दिवशी संपवा. मृग बहरात (जून-जुलैच्या फुलांचा) फळं पावसात सापडतात, म्हणून तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचा) सोयीचा. रोपं घेताना मातृबागेत तेल्या नव्हता याची खात्री करा. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या जिल्ह्यातच आहे, नमुना घेऊन तिथे जा.

प्रश्न : सेप्टिक टँकमध्ये जिवाणूंची पावडर टाकावी का?
*– एक वाचक, विजापूर रोड*

गरज नाही. लागणारे जिवाणू रोज मैल्याबरोबर आत जातातच. ते मारले जातात ते बादलीभर फिनेल आणि अ‍ॅसिडने, तेवढं आवरा. गाळ दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून यंत्रानेच उपसा. टाकीत माणूस उतरवू नका. आतला वायू श्वासागणिक माणसाला बेशुद्ध करतो, आणि 2013 च्या कायद्याने ते करायला लावणं गुन्हा आहे.