मराठी माध्यमातल्या मुलांना जीवशास्त्र शिकवायला ऑनलाइन काय वापरावं?

तुमची मुलगी बेळगाव जिल्ह्यात मराठी माध्यमात नववीला आहे, जीवशास्त्र पाठ करते पण त्यात रमत नाही आणि नेटवर शोधलं की सगळं इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये सापडतं, असं तुम्ही लिहिलंय. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझं मत आधीच सांगते. जे ॲप मुलीला फोन घेऊन अंगणात, बांधावर जायला लावेल ते आधी वापरा. बसल्या जागी नुसतं दाखवणारं नंतर. जीवशास्त्र कळायला जिवंत काहीतरी समोर लागतं, आणि त्याची आपल्या भागात कमतरता नाही.

पहिलं नाव 'सीक'. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळवाल्यांनी मुलांचा विचार करून केलेलं फुकट ॲप आहे, खातं उघडायची गरज नाही. पानावर किंवा किड्यावर कॅमेरा धरला की स्क्रीनवर वरच्या बाजूचे ठिपके एकेक करून भरत जातात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. हीच यादी पुस्तकातून पाठ करताना मुलं कंटाळतात. इथे ठिपके 'कुल'पाशी अडकले की मुलं स्वतःच पान उलटं करून बघतात, फुलाजवळ कॅमेरा नेतात. ठिपका पुढे सरकला की विचारायचं, फुलात असं काय दिसलं की ओळख पटली? तिथून तास सुरू होतो. ओळखायचं काम फोनमध्येच होतं, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना याचं मोल सांगायला नको. मात्र ॲपने दिलेलं नाव हा अंदाज आहे हे मुलीला आधीच सांगा, आणि "हेच कशावरून?" असं प्रत्येक वेळी विचारा. पुढे मोठ्या आयनॅचरलिस्टवर नोंदी करायच्या असतील तर खात्यासाठी वय किमान 13 लागतं. तिथे फोटोची जागा सगळ्यांना दिसते, म्हणून घराजवळच्या नोंदींची जागा लपवायची सोय वापरा.

पक्ष्यांसाठी 'मर्लिन'. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. वायफाय असेल तिथे भारताचा संच एकदा उतरवून घ्या, मग तेही नेटशिवाय चालतं. पावसाळ्यात घाटाच्या बाजूला शीळकरी कस्तुर पहाटे लांबलचक शीळ घालतो, सुरुवात त्याच्यापासून करून बघा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते. निदान 15 मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. त्यात शाळेलाही भाग घेता येतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो झाडांच्या नोंदी ठेवायचा 'सीझनवॉच' हा उपक्रम. एक झाड धरायचं आणि दर आठवड्याला बघून कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं आहेत का, थोडी की पुष्कळ, एवढंच नोंदवायचं. आमच्या मुलांनी शाळेमागचा फणस धरलाय. सुरुवातीला एक मुलगा म्हणाला, "टीचर, फणसाला फूल कुठं येतंय? एकदम फणसच लागतोय की!" मी उत्तर दिलं नाही, दर आठवड्याला बघत राहा म्हटलं. मग त्यांना खोडावरचे हिरवे बोंडासारखे गुच्छ दिसले. त्यातले काही काळे पडून गळून गेले, ते नरफुलांचे. जे राहिले आणि वाढले, ते मादीफुलांचे. फणस पिकल्यावर वर्गातच चिरला. एक फणस म्हणजे एक फळ नाही, त्यातला एकेक गरा एकेका फुलाचा, आणि गऱ्यांमधल्या पिवळसर पट्ट्या म्हणजे ज्यांचं फलन झालंच नाही अशी फुलं, हे हातात धरून बघितलेली मुलं परीक्षेतही विसरत नाहीत. पुनरुत्पादनाचा पाठ इतका चांगला मला फळ्यावर कधीच शिकवता आला नसता.

आता मराठीत वाचायला. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, पण नववीच्या मुलीला त्यापेक्षा कुमार विश्वकोशाचा 'जीवसृष्टी आणि पर्यावरण' हा भाग द्या. नोंदी छोट्या आणि सोप्या आहेत. महाराष्ट्राची विज्ञानाची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. आपल्या कर्नाटकच्या पुस्तकात एखादी गोष्ट अवघड वाटली तर तीच तिथे वेगळ्या पद्धतीने मांडलेली सापडते. सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये महाराष्ट्राचं बोर्ड आणि मराठी माध्यम निवडून व्हिडिओही बघता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि टाकाऊ वस्तूंपासून करायचे प्रयोग आहेत, ते लहान भावंडांनाही चालतील.

निपाणीकडे राहत असाल तर विषाणूंचा धडा तंबाखूच्या शेतातच शिकवा. 1892 मध्ये इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाड आजारी पडलं. 1898 मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने तसाच प्रयोग करून, हे जिवाणूपेक्षा वेगळंच काहीतरी आहे, असं म्हटलं. विषाणूंचा शोध ज्या पिकावर लागला ते आपल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पेशीसाठी सूक्ष्मदर्शक हवाच. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठं दाखवतो. कांद्याचा आतला पातळ पापुद्रा, पाण्याचा थेंब आणि आयोडीन एवढ्यावर पेशी आणि केंद्रकं दिसतात. तो नेटवर मागवता येतो.

उत्क्रांतीसाठी फेट या संकेतस्थळावरचा नैसर्गिक निवडीचा प्रयोग करून घ्या. लांडगे सोडायचे, सशांचा रंग बदलायचा आणि पिढ्यांमागून पिढ्या काय होतं ते बघायचं. तो उतरवून नेटशिवाय चालवता येतो, वाचायचं त्यात फारसं काही नसतं.

यूट्यूबवर धडा नुसता वाचून दाखवणारे व्हिडिओ सोडून द्या. हृदयातून रक्त कसं फिरतं, असं डोळ्यांनी बघता न येणारं असेल तेवढ्यापुरतंच यूट्यूब वापरा.

शेवटचं, पण हे लवकर ठरवा. एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर, सायन्स घेतलं की पीयूसीला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत येतं, आणि मराठी माध्यमातली हुशार मुलं पहिल्या सहामाहीत तिथेच गळपटतात. दहावीत मराठीत समजलेला धडा संपला की त्याच विषयाचा खान अकॅडमीचा इंग्रजी व्हिडिओ तिला दाखवा. धडा आधीच कळलेला असतो, म्हणून इंग्रजी अडत नाही. नवीन धडा मात्र आधी इंग्रजीतून दाखवू नका.