आपली मारुती ८०० नेमकी कोणती?

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेली पांढरी मारुती ८०० आहे. कागदपत्रांवर उत्पादनाचे वर्ष १९८६ आहे. नातेवाईक तिला ‘अगदी पहिली मारुती’ म्हणतात, तर आमचे मिस्त्री म्हणतात की ती नंतरच्या बांधणीची आहे. तीन वर्षे ती पोर्चमध्ये उभीच आहे. ती कोणती हे कसे ओळखावे आणि पुन्हा चालती करून कशी राखावी?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या घरातला मतभेद समजण्याजोगा आहे, कारण १९८६ हे वर्षच सांध्याचे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ज्या मारुतीची पहिली किल्ली देण्यात आली, ती एसएस ८० या बांधणीची होती. १९८६ मध्ये तिची जागा एसबी ३०८ या नव्या बांधणीने घेतली आणि वेळोवेळी फेरफार होत हीच गाडी जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत रस्त्यावर येत राहिली. त्यामुळे केवळ वर्षावरून निर्णय करता येणार नाही, आणि तो झाल्याखेरीज आपण एकही सुटा भाग विकत घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बाहेरच्या रूपावरही विसंबू नये. चाळीस वर्षांत बंपर, दिवे, जाळी, प्रसंगी बॉनेटसुद्धा बदललेले असते. १९९७ नंतरचा गोलसर तोंडवळा जुन्या गाडीला बसवून घेणारे मालक मी इंदुरातच पाहिले आहेत. इंजिनावरूनही उलगडा होत नाही, कारण दोन्ही बांधण्यांत ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन आहे आणि ते पुढे केव्हातरी बदललेले असू शकते. खात्रीच्या खुणा दोनच. पहिली म्हणजे चासी क्रमांक. बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेली अक्षरे रॉकेलच्या फडक्याने पुसून, बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडून वाचावीत आणि कागदपत्रांशी ताडून पाहावीत. आरंभी एसबी ३०८ असेल तर मिस्त्रींचे म्हणणे खरे. दुसरी खूण गाडीखाली आहे. मागच्या चाकाजवळ सतरंजी टाकून आत पाहावे. आस (ॲक्सल) एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर टेकलेला असेल तर ती एसएस ८०, आणि गुंडाळीची स्प्रिंग दिसली तर एसबी ३०८. पाटे सहसा कोणी बदलून स्प्रिंग करत नाही, म्हणून ही खूण मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. नंबर प्लेटवर एमपी ०९ असल्याने मात्र काही सिद्ध होत नाही. ही पद्धतच १९८९ नंतरची आहे.

आता निगेविषयी. गाडी एसएस ८० निघाली तर तिचे दरवाजे, काचा आणि बाहेरचे पत्रे मिळणे अवघड आहे, म्हणून आहे तो पत्रा वाचवणे हेच पहिले काम ठरते. दारांखालच्या पट्टीवर आणि पायाखालच्या तळपत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जावे; खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आवाज आला तर आत गंज आहे. लहानसे लोहचुंबक कापडात गुंडाळून बाहेरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असते. माळव्यातली काळी माती चिकट आहे. पावसाळ्यात ती चाकांवरच्या कमानींत थापली जाते, आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाऊस संपल्यावर खालून एकदा नीट धुऊन गाडी उन्हात वाळवली, तर निम्मा गंज टळतो.

इंजिनाच्या बाबतीत दिलासा असा, की मारुती व्हॅन, म्हणजेच ओम्नी, याच इंजिनावर २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह यांची चिंता नको. चिंता आहे ती तापण्याची. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असल्याने एकदा जरी जास्त तापले तरी ते वाकते आणि त्याखालची सांधा बंद ठेवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, जाते. माझ्या स्वतःच्या गाडीचे हेड ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर असेच गेले, कारण रेडिएटरचा पंखा चालू करणारा स्विच बिघडला होता आणि मी तापमानाच्या काट्याकडे वेळेवर पाहिले नाही. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ लगदा दिसल्यास, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्यास, गाडी अजिबात चालवू नये. रेडिएटरमध्ये बोअरिंगचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घालावे. ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची काही मिस्त्रींची रीत आहे. तिला आपण ठाम नकार द्यावा, कारण त्यामुळे इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त लागते आणि कार्बन साचतो.

तीन वर्षे उभी असलेली गाडी थेट सुरू करू नये. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकी आतून तपासावी, कार्बुरेटर उघडून साफ करावा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, कारण आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्या काळच्या रबराला फुगवते. टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी झाले असले तरी बदलावा. तो वयानेही जातो. टायर १४५/७० आर १२ या मापाचे घेताना बाजूवरचे चार आकडे पाहावेत, पहिले दोन उत्पादनाच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते, तेव्हा त्याची मुदत रस्त्यावर येण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

प्रश्न : माझी २००४ ची एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मारुती ८०० आहे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे पुण्याला जायचे आहे. गाडी कशी ठेवून जावी?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : शक्यतो विश्वासू शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी आठ-दहा किलोमीटर चालवण्यास सांगावे, जागच्या जागी इंजिन चालू ठेवल्याने तेवढा उपयोग होत नाही. ते जमत नसेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओल धरायला मोकळी जागा राहत नाही. बॅटरीची ऋण तार सोडावी आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी. हँडब्रेक मात्र ओढून जाऊ नये, कारण पावसाळ्यात मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात.