मायक्रोबायोमचा प्रोजेक्ट: आधी मडकं, मग सिक्वेन्सिंग

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं वर्ष आहे, मायक्रोबायोमवर, म्हणजे एखाद्या जागी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या समुदायावर, प्रोजेक्ट करायचाय. घरचं दही, मोबाइल, हाताची त्वचा आणि घरच्यांच्या शौचाचे नमुने घेऊन सगळे १६एस सिक्वेन्सिंगला (१६एस या जनुकाच्या डीएनएवरून जिवाणू ओळखायची पद्धत) पाठवले तर चांगला प्रोजेक्ट होईल का?

नाही होणार. चार ठिकाणच्या जिवाणूंच्या चार याद्या हातात येतील. त्या वेगवेगळ्या असणार हे आजच ठाऊक आहे, त्यासाठी पैसे कशाला घालवायचे? एकच जागा निवडा आणि तिला एकच प्रश्न विचारा. मी तुमच्या जागी असतो तर दही निवडलं असतं.

मडक्यात दही घट्ट लागतं, स्टीलमध्ये तसं लागत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. याची दोन कारणं असू शकतात. एक, माती पाणी शोषून घेते, म्हणून दही दाट होतं. दोन, जुन्या मडक्याच्या छिद्रांत आधीच्या दह्याचे जिवाणू टिकून राहतात आणि विरजणात भर घालतात. ही दोन कारणं वेगळी काढता आली, तर तो खरा प्रोजेक्ट. आणि खानापुरात मडक्यांची वानवा नाही, कुंभारकामाची संस्थाच तिथे आहे.

एकाच दुधाला एकदाच उकळी द्या, सगळीकडे सारख्याच तापमानाला सारखंच विरजण वजन करून घाला. भांडी अशी: वापरातलं जुनं मडकं, कोरं मडकं, स्टील, आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर २ तास ठेवलेलं जुनं मडकं. या उष्णतेने जिवाणू मरतात, पण छिद्रं तशीच राहतात. त्यातही दही तितकंच घट्ट लागलं, तर श्रेय मातीचं. फरक पडला, तर जिवाणूंचा हात असण्याची शक्यता वाढते. याखेरीज जुन्या मडक्यात आणि स्टीलमध्ये विरजण न घालता नुसतं उकळलेलं दूध ठेवा. मडक्यातलं लागलं आणि स्टीलमधलं नाही, तर उत्तर जवळपास तिथेच मिळालं. नुसत्या उकळण्याने दुधातले बीजाणू (काही जिवाणूंची टणक, सुप्त रूपं) मरत नाहीत, म्हणून स्टीलची जोडी सोडू नका. यातलं काहीही चाखून मात्र बघू नका.

प्रत्येक प्रकारची किमान तीन भांडी हवीत, म्हणजे एकूण अठरा. एकाच मडक्यातून तीन प्लेट (जिवाणू वाढवायच्या बशा) लावल्या तर ती तीन मडकी होत नाहीत. परीक्षक इथेच अडवतात, आणि बरोबरच अडवतात. जुनी मडकी कमी पडली तर तीच क्रमाने वापरा, भाजणं शेवटी ठेवा. आधी पूर्ण वाळवा आणि ओव्हन हळूहळू तापवा, ओलं मडकं तडकतं. मडकी पुरेशी असतील तर सगळी भांडी एकाच दिवशी, एकाच खोलीत लावा. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत मडकं जितकं पाणी सोडतं आणि एप्रिलमध्ये जितकं सोडतं, त्यात मोठा फरक असतो.

मोजायला कॉलेजच्या लॅबमध्ये असतं तेवढं पुरतं. पीएच, टायट्रेशनने आम्लता, मडक्याचं आधीचं आणि नंतरचं वजन, एमआरएस अगारवर (लॅक्टिक आम्लाचे जिवाणू वाढवायचं माध्यम) डायल्यूशन प्लेटिंग, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून प्लेटवर पसरणं. ३० ते ३०० कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) असलेल्याच प्लेट मोजा. मग जिवाणू ओळखायच्या दोन साध्या चाचण्या, ग्राम स्टेन आणि कॅटालेज. दह्याचे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू ग्राम पॉझिटिव्ह आणि कॅटालेज निगेटिव्ह असतात. नमुने त्याच दिवशी बर्फात घालून लॅबमध्ये न्या. घरच्या फ्रीजरवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

सिक्वेन्सिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्लेटवर न वाढणारे कितीतरी जीव त्यानेच कळले. पण ते टक्केवारी देतं, संख्या नाही. एक जिवाणू भरमसाट वाढला की बाकीचे जिथल्या तिथे असूनही घटलेले दिसतात. मेलेल्यांचा डीएनएही मोजला जातो, आणि दह्यातलं यीस्ट १६एसमध्ये दिसतच नाही. शिवाय डीएनए काढायच्या किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो. २०१४ साली वारेत (प्लॅसेंटात) जिवाणूंचा समुदाय असल्याचं जाहीर झालं होतं. २०१९ मध्ये ५००हून अधिक स्त्रियांच्या नमुन्यांवर काम झालं, तेव्हा सापडलेले बहुतेक जिवाणू रसायनांतले किंवा प्रसूतीच्या वेळी लागलेले निघाले. म्हणून पैसे उरले आणि नमुने पाठवलेच, तर एक रिकामी नळीही सगळ्या पायऱ्यांतून नेऊन सोबत पाठवा.

मोबाइलच्या स्वॅबची प्लेट घरी वाढवू नका. एखादा रोगजंतू लाखोंनी वाढवून स्वयंपाकघरात ठेवल्यासारखं होईल. लॅबमध्ये केलंत तरी प्लेट सीलबंद ठेवा आणि टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवा.

घरच्यांच्या शौचाचे नमुने म्हणजे माणसांवरचं संशोधन. घरची मंडळी असली तरी एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती आधी लागते, आणि त्यात प्रोजेक्टचं वर्ष निघून जाऊ शकतं. तुम्ही शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात असंही लिहिलंय. तो आकडा रिपोर्टमध्ये घालू नका. २०१६ च्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीच. आतड्यांचा विषय मनात असेल, तर एमग्निफाय (MGnify) या ऑनलाइन डेटाबेसवर जगभरातल्या अभ्यासांचा डेटा फुकट मिळतो. प्लेट इन्क्युबेटरमध्ये असताना त्या डेटातला एखादा लहान संच उतरवून क्यूआयआयएमई २ (QIIME 2) या सिक्वेन्सिंगचा डेटा तपासायच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा. बेळगावात एमएस्सीला आलात की ते लागेलच.