संगीतात अध्यात्म खरंच असतं, की ते आपणच त्यात घालतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही देव मानत नाही, कीबोर्ड वाजवता, स्वतःच्या चाली करता. गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला नुसते आईबरोबर म्हणून गेलात आणि शेवटी भैरवी सुरू झाली तेव्हा डोळ्यांना धार लागली. तेव्हापासून मनात आहे की हे आध्यात्मिक वगैरे काही सुरांत खरोखर असतं, की आपणच स्वतःची समजूत घालतो. आणि चाल सुचते ती कुठून सुचते?

माझं सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार, वार्निश आणि बेअरिंग. संध्याकाळी भजन. एका बुवांकडे अकरा वर्षं गाणं शिकलो, ते आता नाहीत. मी काही पंडित नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एकदा कानांनी ऐकायला मिळालं आहे, तेवढं सांगतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट गाठले. आमचं घर गावभागात. पाणी चढायला लागल्यावर कागदपत्रं, पोरांची दप्तरं, मिक्सर, गहू, सगळं माडीवर नेलं. तानपुरा खाली कोपऱ्यात गवसणीत उभा होता, तो राहिला. बुवांनी जाण्याआधी दोन वर्षं तो मला दिला होता. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर तो आडवा पडलेला, भोपळ्यात चिखल, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, एका कडेनं उचललेली. मी तसाच चिखलात बसलो. बायकोनं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि ती काही न बोलता झाडू घेऊन आत गेली.

पुढचे तीन महिने गाणं नव्हतंच. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, सगळ्या नदीकाठच्या पंपांच्या मोटरी पाण्यात होत्या. दुकानासमोर रांग. शेतकऱ्याला मोटर आजच हवी, कारण पिकाला पाणी आजच हवं. मी रात्री दोन-दोनपर्यंत कॉइल भरायचो. तानपुरा मिरजेला देऊन आलो होतो.

मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर. तिथले वाद्य करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले आणि एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ही घराणी सतार-तानपुऱ्याकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. पोलादाला धार लावणारे हात तारेला आवाज द्यायला लागले, याचा मी पुष्कळदा विचार करतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले, माझा त्यात काही वाटा नसताना.

तर माझा तानपुरा ज्या चाचांकडे दिला, त्यांनी भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, ‘भोपळा वाचतोय. घोडी नवी बसवावी लागेल. पण घाई करू नका, सावलीत सुकू दे.’ मी दर पंधरा दिवसांनी जायचो. ते मान हलवायचे. ऊन दाखवलं तर तडकेल, म्हणायचे. जानेवारीत त्यांचा फोन आला.

मी गेलो तेव्हा जवारी काढायचं काम चाललं होतं. तुम्ही हे पाहिलं नसेल म्हणून सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो, बोटाला कळेल न कळेल इतका. तो कानशीनं घासून आणायचा. दोनदा घासायचं, तार परत बसवायची, छेडायची, ऐकायचं, तार बाजूला करायची, पुन्हा घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की आवाज मुका होतो, केसभर मागे आला की चिरका होतो. मध्ये कुठंतरी एक जागा असते. तिथं दोरा आला की तार उघडते, ‘खुली जवारी’ म्हणतात ती.

चाचांना एका तारेला पाऊण तास लागला. चार तारा. मग मणी सरकवून त्यांनी सूर जुळवले: एक पंचमाची, म्हणजे ‘प’ची, दोन जोडीच्या ‘सा’च्या आणि एक खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. पाच-सात मिनिटं नुसतं छेडत राहिले. मग खर्जाची पितळी तार एकटी छेडली, डोळे मिटले आणि मला विचारलं, ‘गांधार ऐकू येतोय?’

येत होता. वर, दूर, जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी गातंय. तानपुऱ्यात गांधाराची, म्हणजे सा-रे-ग मधल्या ‘ग’ची, तार नसते. चारही तारांत कुठंही गांधार लावलेला नव्हता. गाणारी मंडळी त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. बुवांनी मला तो वर्षानुवर्षं सांगितला होता आणि मी ‘हो, येतोय’ असं म्हणत आलो होतो. त्या दिवशी तो खरंच आला. खोटं का सांगू, मी तिथं रडलो. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तुमचा पहिला आक्षेप मला ऐकू येतोय: हे तर पदार्थविज्ञान आहे. आहेच. कोणतीही तार कंप पावते तेव्हा ती पूर्ण लांबीनं हलते, शिवाय अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शातही हलते. पाचव्या हिश्शातला सूर म्हणजे खर्जाच्या दोन सप्तकं वरचा गांधार. साध्या तारेत तो दबलेला असतो. जवारीच्या त्या उतारामुळे तो उजळतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की, तार जिथं छेडली तिथल्या हिशेबानं जे सूर निघायलाच नकोत, तेही या घोडीमुळे निघतात. मला हे कळल्यावर गांधार लहान झाला नाही. मोटर का फिरते हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे, तरी शेतात पंप सुरू होऊन पाटात पहिलं पाणी येतं तेव्हा मी आजही दोन मिनिटं थांबून बघतो.

आता तुम्ही कीबोर्डवाले, म्हणून एक गोष्ट करून बघा. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याबरोबर कीबोर्डवरचा गांधार दाबा. तो किंचित चढा लागेल, टोचेल. षड्जाची, म्हणजे ‘सा’ची, कंपनसंख्या 100 धरली तर तारेतून येणारा गांधार 125 वर असतो आणि तुमच्या कीबोर्डवरचा जवळजवळ 126 वर. कीबोर्ड बिघडलेला नाही, त्याला सगळ्या पट्ट्यांत वाजायचं असतं म्हणून बारा सूर समान अंतरावर वाटून दिलेले असतात. सांगलीचेच कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांच्यासोबत इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी 1910 च्या आसपास याच फरकावर काम केलं, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजल्या, आणि त्यांना त्या गाऊन दाखवायला होते किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ. हा एक अंकाचा फरक ज्यांनी आयुष्यभर जपला ती माणसं मला साधकच वाटतात. टिळा असो वा नसो.

आता चालीचं. मला एका अभंगाला चाल लावायची होती. कुठला ते लिहीत नाही, कारण अजून पुरी व्हायची आहे. पुरापूर्वी सात महिने मी त्याच्या मागे होतो. रोज एक चाल. अवघड जागा, अनपेक्षित कोमल स्वर, मध्येच लय तोडणारी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचा तुकडा. बुवा शेवटच्या आजारपणात होते तेव्हा तशीच एक जुनी चाल मी त्यांना ऐकवली होती. ते म्हणाले होते, ‘चाल छान आहे रे. अभंग कुठाय?’ ते वाक्य मला तेव्हा लागलं. कळलं मात्र फार उशिरा.

तानपुरा घरी आल्यावर मी महिनाभर काहीच रचलं नाही. पहाटे उठून नुसता लावायचो आणि षड्ज भरायचो. फेब्रुवारीत एका दुपारी दुकानात कॉइलचे वेढे मोजत होतो, बेचाळीस, त्रेचाळीस, आणि अभंगाचं ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, चालीसकट तोंडात आलं. अगदी साधं. चार सुरांत बसणारं. त्यात मी केलेली कारागिरी काहीच नव्हती. मोजणी चुकली, कॉइल उसवून परत भरावी लागली.

ते ‘वरून’ आलं असं म्हणायचा मोह मला झाला होता. पण तसं म्हटलं तर त्याआधीच्या सात महिन्यांवर अन्याय होतो. त्या टाकून दिलेल्या चालींनी अभंगाचे शब्द माझ्या जिभेवर इतके घासले होते की त्यांचे सगळे कंगोरे मला पाठ झाले होते. आणि नुसतं कष्टानं आलं म्हटलं तर तेही खोटं, कारण कष्ट करत होतो तेव्हा ते येत नव्हतं. मला चाचांची कानस आठवते. गांधार त्यांनी वाजवला नाही. त्यांनी घोडी घासली, दोरा सरकवला, चार तारा खऱ्या केल्या. माझ्या हातातही तेवढंच आहे असं मला वाटतं. जे येतं त्याला मी देणगी म्हणतो. देणारा कोण, यावर तुम्ही आणि मी वेगवेगळं बोलू, त्यानं माझं काही अडत नाही. मी विठ्ठल म्हणतो.

हां, एक सांगून टाकतो. अमुक कंपनसंख्येनं शरीर शुद्ध होतं, अमुक रागानं साखर उतरते, अशी व्हिडिओंची जी गर्दी झाली आहे, तिच्या नादी लागू नका. सुराला औषधाच्या बाटलीत भरलं की त्याचा मान जातो, आणि एखादा भाबडा माणूस गोळ्या बंद करून बसतो ते वेगळंच.

भैरवीबद्दल तुमची शंका अर्धी बरोबर आहे. भैरवीत रडू येण्यामागे सवय मोठी असते. आपल्याकडे मैफल भैरवीनं संपते, कीर्तन भैरवीनं संपतं. काल्याचा दिवस म्हणजे सप्ताहाचा शेवटचा, उद्यापासून मंडप सुटणार, पाहुणे गाड्यांत बसणार. लहानपणी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत तुम्ही ते सूर निरोपाबरोबरच ऐकले असणार. तेव्हा हो, अर्थ आपण घातला आहे. पण ‘आपण’ म्हणजे तुम्ही एकटे नव्हे. त्या मंडपात शंभर वर्षं बसत आलेली सगळी माणसं. ज्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसून गेली तो गुळगुळीत झालेला असतोच ना? तुम्ही त्यावर बसलात, गारवा लागला. तो गारवा खोटा कसा म्हणायचा?

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाला संगीतसभा होते. तिथं गाणं-वाजवणं करायला येतात त्याला ‘हजेरी लावणं’ म्हणतात. कार्यक्रम म्हणत नाहीत. हा शब्द मला फार आवडतो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच विसावले आहेत. 1937 च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगापेरुमलकोईल नावाच्या लहान स्टेशनावर उतरले. सांगतात की फलाटावर त्यांनी तानपुरा लावून घेतला, प्रार्थना केली, दरबारीत देवाला आळवलं आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणलं. मला त्या प्रसंगात सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं सांगू? श्वास कमी पडत असताना त्यांनी आधी तानपुरा लावून घेतला. समोर श्रोता नव्हता, बिदागी नव्हती. तरी सूर जुळवूनच हजर व्हायचं.

मी दरवर्षी उरुसाला जातो, मागे बसतो. एकदा माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी होती. गाणाऱ्यानं खर्ज लावला तसा तिनं दोन्ही हातांचे तळवे आपल्या कानांवर हलके ठेवले आणि काढले, पुन्हा ठेवले, पुन्हा काढले. तिला आवाज येतोय-जातोय याची खात्री करायची होती की काही वेगळंच, मी विचारलं नाही. निघताना तिनं माझ्या हातावर चार शेंगदाणे ठेवले.

तुम्ही इकडे कधी आलात तर मिरजेत एखाद्या दुकानात नुसते तासभर बसा, ते लोक हाकलत नाहीत. खर्ज छेडायला सांगा. पहिल्या वेळी गांधार ऐकू आला नाही तर ‘येतोय’ म्हणू नका, मी ती चूक अकरा वर्षं केली. आणि तुमच्या चालींपैकी जी तुम्हाला सगळ्यात साधी वाटते, कुणाला ऐकवायला लाज वाटते, ती आधी आईला ऐकवा.

माझ्या अभंगाचं ध्रुपद आणि दोन चरण झाले आहेत. येत्या एकादशीला तेवढंच म्हणणार आहे. तिसऱ्या चरणात एक शब्द आहे, त्याच्या दुसऱ्या अक्षरावर मला अजून थांबता येत नाही. उद्या पहाटे पुन्हा बसतो.