क्विल, बोरू आणि साळिंदरातला ळ

प्रश्न असा आहे: "एका अनुवादात 'त्याने बोरू शाईत बुडवला' असे वाचले. मूळ इंग्रजीत क्विल आहे. साळिंदराच्या काट्यांनाही इंग्रजीत क्विलच म्हणतात. मराठीत या दोन्हींसाठी एक शब्द कोणता?"

एक शब्द नाही आणि त्याची गरजही नाही. पक्ष्याचे ते पीस, साळिंदराचा तो काटा. लिहायची असेल तर पिसाची लेखणी. पण बोरू नको! बोरू हे पेराचे, पोकळ गवत. लंडनच्या कारकुनाच्या हाती अनुवादक तो खुशाल देतात, हे वाचून वाचून वीट आला आहे. टाकही चालणार नाही, टाकाला धातूचे निब असते.

पिसाची लेखणी घडते कशी, हे एकदा कळले की ही चूक होणार नाही. हंसाच्या पंखाच्या कडेची चार-पाच मोठी पिसे घेतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस सोयीचे, कारण त्याचा बाक हातापासून बाहेर वळतो. ताजी नळी मऊ आणि तेलकट असते. तशीच तासली तर टोक दबते आणि शाई धरत नाही. म्हणून ती तापल्या वाळूत खुपसून कडक करतात, आतला पातळ पापुद्रा काढतात, वरचा थर खरवडतात. वाळू जास्त तापली तर नळी ठिसूळ होते आणि पुढे चीर देताना ती वरपर्यंत फाटत जाते. मग एक लांब तिरपा छेद, मधोमध चीर, दोन्ही बाजूंनी खांदे तासायचे आणि शेवटी टोक आडवे तोडायचे. शाई त्या चिरेतून उतरते. हे काम ज्या लहान चाकूने होई त्याचेच नाव पेननाइफ. पेन म्हणजे लॅटिन 'पेन्ना', पीस.

साळिंदराचा काटा असा तासता येत नाही. पाठीवरचा लांब काटा मोडून पाहा: वर काळे-पांढरे कठीण साल, आत भेंडासारखा गर. शाईला जागाच नाही. शेपटीवरचे काही काटे पोकळ असतात, पण ते आखूड, टोकाला उघडे, खुळखुळ वाजवण्यासाठी. 'साळिंदराच्या काट्याची लेखणी' म्हणून जी मिळते तिच्यात काटा हा नुसता दांडा, लिहिते ते पुढे बसवलेले निब. आणि साळिंदर काटे फेकत नाही. ते पाठमोरे अंगावर येते आणि सैल बसलेले काटे शत्रूच्या अंगात राहतात.

आता खरी मौज साळिंदर या शब्दात आहे. साळू, साळिंदर हे 'शल्यक'वरून आले असे सर्रास सांगितले जाते. मला ते मुळीच मान्य नाही. संस्कृतातला एकेरी ल मराठीत ळ होतो: फल-फळ, जल-जळ, शाला-शाळा. जोडाक्षरातून आलेला ल मात्र ल-च राहतो: भल्ल-भाला, मूल्य-मोल. शल्यचे प्राकृतात सल्ल होते, म्हणजे मराठीत ल हवा. तो आहेच, मनातल्या 'सल'मध्ये आणि 'सलणे'मध्ये! साळूत ळ आहे, म्हणून तिचे मूळ एकेरी ल असलेल्या शब्दात शोधले पाहिजे. असा शब्द आहे: शलली, म्हणजेच साळिंदराचा काटा. शलाकेची सळई झाली ती याच नियमाने. 'शलली'तला ऱ्हस्व 'श' साळूत दीर्घ 'सा' का झाला, हा माझ्या मताविरुद्धचा एकमेव दमदार आक्षेप. पण त्याच्यासाठी ळ सोडून द्यावा इतका तो जड नाही.

शिवाय शल्यक म्हणजे साळिंदरच, हे कोशकारांनी गृहीत धरलेले समीकरणही तपासून घ्यावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात खाण्यास चालणाऱ्या पंचनखी (पाच नखांच्या) प्राण्यांत श्वाविध आणि शल्यक हे दोन वेगळे सांगितले आहेत. श्वाविध म्हणजे कुत्र्याला भोसकणारा. साळिंदराच्या वाटेला गेलेल्या शिकारी कुत्र्याचे तोंड पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. मग शल्यक कोण? प्राणी दोन असतील आणि श्वाविध हे साळिंदर असेल, तर साळिंदराचे नाव शल्यकवरून ओढून आणणे फार टिकत नाही.

शललीबद्दल मात्र शंका नाही. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या ग्रंथात, सीमंतोन्नयन या गरोदरपणातल्या विधीत पती पत्नीचा भांग वर काढतो, तो 'त्र्येणी शलली'ने, कुशाच्या (दर्भाच्या) तीन जुड्यांसह. त्र्येणी म्हणजे तीन पांढरे ठिपके असलेली. काट्यावरचे ते पांढरे पट्टे मोजून घ्यायचे असतात, कुठलाही काटा चालत नाही.