मोटरहोमने शिमला जमेल, पण आधी पोस्टात जाऊन या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई चोपडा तालुक्यातल्या, जूनअखेर शाळेतून रिटायर झाल्या, ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं), जीपीएफ असं सगळं मिळून ३४ लाख ऑगस्टच्या शेवटी खात्यावर आले आणि ३८ हजार पेन्शन सुरू झाली. दाजी ६१ चे, ४ एकर केळी आणि ३ एकर कापूस. मुलगा पुण्यात कमावता, मुलीचं लग्न वर्ष-दीड वर्षात. पस्तीस वर्षांत दोघं वणी, पंढरपूर आणि एकदा शिर्डी सोडून कुठे गेले नाहीत, कारण केळीला पाणी कोण देणार. आता दोघांनी ठरवलंय की दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी भाड्याचं मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन घरूनच निघायचं, १२ दिवस, थेट शिमला, आणि कोजागिरीचं दूध डोंगरात गाडीबाहेर आटवायचं. भाडं दिवसाला ९ हजार, डिपॉझिट ५० हजार. दाजींचं पुढचंही ठरत आलंय, आवडलं तर १४ लाखात ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिचंच मोटरहोम करायचं, स्वतः फिरायचं आणि बाकी दिवस भाड्याने द्यायचं.

पहिलं सांगतो, जा. नक्की जा. तुम्ही लिहिलंय ना "एवढा पैसा फिरण्यावर घालणं चुकीचं वाटतं", ते मनातून काढा. ३४ लाखांतले लाखभर रुपये पस्तीस वर्षांनंतर स्वतःवर खर्च केले तर तुमचं म्हातारपण अडचणीत येत नाही, हे मी आकडेमोड करून सांगतोय, मन राखायला नाही. माझी अडचण ट्रिपशी नाही, गाडी घरापासून घराप‍र्यंत न्यायची आणि मग विकतच घ्यायची, या दोन गोष्टींशी आहे.

पण त्याच्याही आधी एक तारीख आहे जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. पोस्टातली सिनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीम ६० वर्षांच्या पुढच्यांची, हे सगळ्यांना माहीत असतं, तुम्ही ५८ च्या म्हणून तुम्ही तिचा विचारच केला नाही. पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांनाही ती उघडता येते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत उघडायची. आधी ही मुदत १ महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ३ महिने केली. तुमचे पैसे ऑगस्टअखेर आले म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत वेळ आहे, आणि दसरा, ट्रिप, दिवाळी, कापसाची वेचणी या गडबडीत तो कसा निघून जाईल कळणार पण नाही. व्याज सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात, मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं. माझ्या मते २० लाख इथे टाका, त्याचे तिमाहीला ४१ हजार येतील. ८ लाख मुलीच्या लग्नाचे म्हणून बँकेत एफडी, लग्नाच्या महिन्याच्या अंदाजाने मुदत ठेवा. ४ लाख अडीअडचणीला, लगेच निघतील असे. उरले २, त्यात १ ट्रिपचा आणि १ असाच राहू द्या, रिटायरमेंटच्या पहिल्या वर्षी घरात काहीतरी निघतंच.

आणि तो पतसंस्थेचा माणूस साडेनऊ टक्के घेऊन घरी येऊन गेला म्हणता, त्याला चहा पाजा आणि नाही म्हणा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्या सुद्धा, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेत पैसे अडकलेलं एक तरी घर प्रत्येकाच्या नात्यात आहे, मी जास्त काय सांगू.

आता ट्रिप. जळगाव भागातून शिमला एका बाजूने १४०० किलोमीटरच्या आसपास, इंदूर, गुना, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करत. मोटरहोम म्हणजे कार नव्हे, दिवसाला साडेचारशे-पाचशेच्या वर पळवू नये, म्हणजे जायला ३ दिवस, यायला ३ दिवस. १२ मधले ६ दिवस नुसते हायवेवर, आणि त्या ६ दिवसांचं भाडंच ५४ हजार. म्हणजे घरासारखी गाडी भाड्याने घेऊन तिच्यात राहायचं सोडून आपण ती नुसती हाकतोय. पूर्ण हिशोब मांडला तर १२ दिवसांचं भाडं १ लाख ८ हजार, जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ३२०० किलोमीटर, लिटरला ९ चं अ‍ॅव्हरेज आणि ९० रुपयाचं डिझेल धरलं तर ३२ हजार, टोल १० हजार धरा, रात्री गाडी लावायची जागा हजार रुपयाने ११ रात्री म्हणजे ११ हजार, खाणं-फिरणं २० हजार. झाले १ लाख ८१ हजार. दाजी बोलेरो चालवतात, मान्य, पण आग्रा-दिल्ली पट्ट्यात एवढी लांब गाडी सलग तीन दिवस चालवायची म्हटल्यावर तुम्हीच ड्रायव्हर घ्यायला लावाल, त्याचे १४-१५ हजार वेगळे, आणि मग रात्री तो झोपणार कुठे? एका पडद्यापलीकडे तुम्ही दोघं आणि अलीकडे ड्रायव्हर, अशी ट्रिप तुम्ही मनात आणली नव्हती. डिपॉझिट धरून निघायच्या वेळी अडीच लाखाच्या घरात पैसा मोकळा लागेल, आणि तोही ऐन ऑक्टोबरात, जेव्हा कांदेबागेची, म्हणजे या दिवसांतल्या केळी लागवडीची, रोपं घ्यायची असतात. ५ बाय ५ फुटांवर एकरी सतराशेच्या वर रोपं लागतात, वर लागवडीच्या खताचा बेसल डोस, तिकडे कापूस फुटलेला आणि वेचणीची मजुरी रोज संध्याकाळी रोख. हा सीझन दाजींना मी सांगायची गरज नाही, पण ट्रिपचा कागद आणि शेतीचा कागद त्यांनी अजून शेजारी-शेजारी ठेवलेला दिसत नाही.

आणि कोजागिरी! दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी निघालात तर तेरस, चौदस रस्त्यात जाणार आणि पौर्णिमेला तुम्ही दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये असाल. दूध कुठे आटवणार, टोलनाक्यावर?

म्हणून माझं म्हणणं असं की मैदान रेल्वेने काढा आणि मोटरहोम फक्त डोंगरासाठी घ्या. भुसावळहून झेलम आणि सचखंड दोन्ही अंबाल्याला जातात, साधारण एका दिवसाचा प्रवास, थर्ड एसी माणशी २ हजाराच्या आत. अंबाल्याहून चंदीगड ४५-५० किलोमीटर. तेरसेला निघालात तर चौदशीच्या रात्री चंदीगडला झोप, पौर्णिमेला सकाळी गाडी ताब्यात घ्यायची आणि संध्याकाळी तुम्ही पाइनच्या झाडांत. गाडी ४ दिवस ठेवा, आणि शिमल्यात घुसवू नका, हे मुद्दाम सांगतोय. शिमला डोंगराच्या कण्यावर बसलेलं शहर आहे, मॉल रोड आणि रिजवर गाड्या जातच नाहीत, खालचे रस्ते अरुंद, पार्किंगसाठी साध्या कारवाले तासभर फिरतात, तिथे ही धूड कुठे लावणार. शहर बाजूला ठेवून वर नारकंड्याकडे निघा, तिथून कोटगढ-ठाणेदार. १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने, जो पुढे सत्यानंद स्टोक्स झाला, याच भागात अमेरिकेतली सफरचंदाची रोपं लावली आणि हिमाचलची सफरचंदाची शेती तिथून उभी राहिली. ऑक्टोबरात सीझन संपत आलेला असतो, बागवाले जरा निवांत बोलतात. दाजी तिथे पॅकिंग बघतील, पेटी बघतील, भाव कोण ठरवतो ते विचारतील, आणि केळीवाल्याला सफरचंदवाल्याकडे दोन दिवस कमी पडतील हे मी आत्ताच लिहून देतो.

चौथ्या दिवशी खाली येऊन गाडी परत करा आणि शिमल्याला कालक्याहून छोट्या रेल्वेगाडीने (टॉय ट्रेनने) चढा. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, १९०३ ची लाइन, युनेस्कोच्या वारसा यादीत २००८ पासून. पाचेक तास लागतात आणि तेच तर बघायला जातो आपण. वर ३ रात्री साधं हॉटेल किंवा होमस्टे. दाजींच्या गुडघ्याचं लिहिलंय, तर कार्ट रोडवरून मॉलवर जायला लिफ्ट आहे, चढायची जिद्द करू देऊ नका.

याचा हिशोब: रेल्वे जाऊन-येऊन ८ हजार, गाडी ४ दिवस, थोडी महाग १० हजारने धरली तरी ४० हजार, डिझेल ५, गाडी लावायच्या ३ रात्री ३ हजार, हॉटेल साडेदहा, टॅक्सी ६, छोटी गाडी दीड, खाणं-फिरणं १५. ८९ हजार. म्हणजे ड्रायव्हर न धरताही निम्म्याच्या आत, आणि डोंगरातला एकही दिवस कमी झाला नाही. तोच वरचा लाख, जो मी ट्रिपचा म्हणून बाजूला काढायला सांगितला, त्यात बसतं. कर्ज नको, ईएमआय नको, आणि पीक कर्जातून तात्पुरते उचलू असं तर मनातही आणू नका, ते वेळेत फिटलं तरच व्याजाची सवलत मिळते.

गाडी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आम्ही नवरा-बायकोने चार वर्षांपूर्वी अशीच गाडी घेतली होती. सकाळी सहाला आत काचेवर वाफ जमलेली, बायकोने पडदा सारून एका बर्नरवर चहा ठेवला आणि बाहेर ढग पायाशी, तो चहा मी विसरणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारीच टाकीतलं पाणी संपलं, दोन आंघोळी आणि भांडी, बस. मग पाणी कुठे भरायचं आणि वापरलेलं पाणी कुठे सोडायचं यातच दोन तास गेले, ही रोजची ड्युटी असते. आणि परत देताना मालकाने बाहेरच्या छपरीचा पाइप वाकलाय म्हणून डिपॉझिटमधले १८ हजार कापले. तो पाइप आमच्या हातात आला तेव्हाच वाकलेला होता, आम्ही सांगत राहिलो, पण दाखवायला काही नव्हतं. अजूनही आठवलं की जीव जळतो. तुम्ही गाडी घेताना मालकासमोर मोबाईलवर आतून-बाहेरून व्हिडिओ काढा, छपरी उघडून, शेगडी पेटवून, टाकीचा काटा दिसेल असा, आणि तो तिथल्या तिथे त्याला पाठवा. नंबर प्लेट बघा, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देणंच नियमात नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. लायसनचं म्हणाल तर दाजींचं साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) चालतं, गाडीचं एकूण वजन साडेसात टनाच्या आत असेल तर, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. आरसीवर वजन लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आता १४ लाखाची गाडी. दाजी, हे तुमच्यासाठी. पैसा फिरता असावा म्हणता ते खरंच आहे, पण गाडीत घातलेला पैसा फिरत नाही, झिजतो. ट्रॅव्हलरचं मोटरहोम करायचं म्हणजे नुसता सुतार आणि वेल्डर लावून भागत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही, आरसीवर नोंद लागते, नाहीतर विम्याचा क्लेम अडकतो. आणि खासगी पासिंगवर भाड्याने देता येणार नाही, भाड्याने द्यायची तर परवाना, टॅक्स, ठरावीक काळाने पासिंग, ड्रायव्हर, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक. चोपड्याला येऊन मोटरहोम भाड्याने नेणारी माणसं वर्षातून किती मिळतील ते तुम्हीच गावात बसून मोजा. तेच १४ लाख ताईंच्या नावाने स्कीममध्ये राहिले तर वर्षाला १ लाख १४ हजार ८०० व्याज. म्हणजे दिवसाला ९ हजारने दरवर्षी १२ दिवस नवी-चकचकीत गाडी भाड्याने घ्या, टायर गेला तर मालकाचा, आणि १४ लाख जागेवर. ताईंची पेन्शन आणि हे व्याज मिळून इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये टॅक्स न लागणाऱ्या १२ लाखांच्या आत राहतं, त्यामुळे टॅक्सची पण धास्ती नाही.

तरीही ओढ राहिलीच तर शिमल्याहून आल्यावर हिवाळ्यात दोन रात्री तोरणमाळला अशीच गाडी नेऊन बघा, घाट आहे, थंडी आहे, यशवंत तलाव आहे. दोन्ही वेळा पाणी भरायचं, घाण पाणी सोडायचं काम दाजींनीच करायचं. त्यानंतरही गाडी हवी वाटली तर मला परत लिहा, आपण परत आकडे मांडू.

कांदेबाग मात्र निघायच्या आधी लागली पाहिजे किंवा आल्यावर, मधे अर्धवट ठेवून जाऊ नका, आणि ठिबकचे वॉल्व्ह कुठल्या वेळी कुठला, हे सालदाराला कागदावर लिहून द्या, फोनवर सांगू म्हणू नका, नारकंड्याच्या पुढे रेंजचा भरवसा धरू नका. बरोबर बिबड्या, ठेचा, कळण्याचं पीठ घ्या, शेवभाजीची शेव घ्या. कोजागिरीच्या रात्री तिकडे चांगलीच थंडी असते, दूध आटायला वेळ लागेल, सिलिंडर भरलेला आहे का ते संध्याकाळीच बघा.

रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तुमच्या तारखेचं आत्ता उघडं आहे आणि दसरा-दिवाळीत भुसावळचा कोटा लवकर संपतो, तेव्हा तिकीट याच आठवड्यात. पण त्याच्या आदल्या दिवशी आधार, पॅन, दोन फोटो आणि रिटायरमेंटच्या पैशांचं शाळेचं पत्र घेऊन पोस्टात. पत्रावर रक्कम आणि ती मिळाल्याची तारीख दोन्ही आहेत ना, ते निघण्याआधी घरीच वाचून घ्या, तारखेशिवायचं पत्र ते परत पाठवतात.